हैमाच्या अलीकडे

आदमला पेट्रोल भरताना
पंपावरचा सिल्हेटचा पोरगा म्हणाला, "बारिश है आगे."
आम्ही हसलो.
एवढं सपाट आभाळ, एवढी सपाट जमीन,
मधे फूटपट्टीने ओढल्यासारखा रस्ता,
पाऊस लपणार तरी कुठे?
फिलोमिना वसईची. पावसातलं आपल्याला कळतं, म्हणाली,
आणि खोलगट जागा बघून तिथेच तंबू ठोकायला लावला,
वारा लागू नये म्हणून.

रात्री दोनला आला.
आधी वाळूवर शिवणयंत्रासारखी टीप घालत
दूरवरून, आमच्याच दिशेने,
मग एकदम गठ्ठ्याने.
इथल्या पाण्याला वाटा पाठ नसतात.
जमिनीलाही उताराची सवय नाही;
तिने ते तसंच धरून ठेवलं तळहातावर,
कुणी अचानक हातात तान्हं मूल द्यावं तसं.

तंबू आधी फुगला, मग बसला.
धपाटी भिजली. मेतकुटाचा डबा
तरंगत निघाला शेगडीच्या शोधात.
यशोधन टॉर्च तोंडात धरून खुंट्या उपटत होता
आणि शिव्या देत होता, पण टॉर्चमुळे
त्या नुसत्या उजेडासारख्या हलत होत्या.

मग चौघं गाडीत. काचांवर आमचाच श्वास.
अन्वयने बोटाने दोन शिंगं काढली, लांब, सरळ.
खाली प्राणी काढायचा राहून गेला. झोपला.

सकाळी बखीत आला, तिथला राखणदार,
अनवाणी, दिशदाशा गुडघ्यापर्यंत खोचून.
जीप कोरड्यात उभी करून
मुद्दाम पाण्यातून चालत.
"एकोणीस," म्हणाला. महिने.
स्वतःच्या हातांची बोटं पुरली नाहीत,
तेव्हा अन्वयची उसनी घेऊन मोजले.
एक उरलं, ते मिटून त्याला परत दिलं.

कुंपणापलीकडे अल-महा उभ्या होत्या.
पांढऱ्या, ओल्या, पाय काळे,
जणू शाईतून चालत आलेल्या.
सगळ्यांची तोंडं दक्षिणेला,
रात्री विजा जिकडे गेल्या तिकडे.
एकीही आमच्याकडे बघेना.
फिलोमिनाने दुर्बीण पिशवीत टाकली.
एवढ्या जवळून तिची गरज नव्हती,
आणि जाळीच्या भोकातून बघताना
बघणाऱ्यालाच जरा ओशाळल्यासारखं होतं.

बखीतने सांगितलं, अर्धं हिंदीत, अर्धं हातांनी:
आजोबांच्या काळात इथे एकही उरली नव्हती.
बंदुका. गाड्या.
मग दूरदेशीच्या पिंजऱ्यांत जन्मलेल्या
पेट्यांत घालून विमानाने आणल्या.
आजोबा वाळूवर बसून होते वाट बघत.
पेटी उघडली,
तर आतली बाहेर येईना.

"मग तिला कसं कळलं, हे घर आहे ते?"
अन्वयने विचारलं.

तो मस्कतला जन्मला. दर दोन वर्षांनी मी त्याचा अर्ज भरते,
'कायमचा पत्ता' या रकान्यात
मुरबाडचं एक घर लिहिते,
ज्यात तो एकूण सत्तावीस दिवस राहिलाय.
मी बुटातली वाळू झटकायला लागले.

बखीतने खांदे उडवले.
त्या कुठे विचारतात, म्हणाला,
आणि वाऱ्याकडे तोंड करून नाक वर केलं,
तसंच, त्यांच्यासारखं.
बराच वेळ मग कुणी बोललं नाही.

परतताना सबखात रुतलो, दोनदा.
चाकाखाली फिलोमिनाची चटई गेली, ती तिथेच राहिली.
बखीतने दोर लावून ओढून काढलं. पैसे घेतले नाहीत.
मेतकूट मात्र घेतलं, आधी वास घेऊन.

इझ्कीजवळ ओल्या कपड्यांनी
काच पुन्हा धुरकटली
आणि शिंगं परत आली,
लांब, सरळ, अजून प्राण्यावाचून.
पुसायला फडकं उचललं होतं मी.
अन्वय त्या दोन रेघांमधून बाहेर बघत होता,
कोरड्या डोंगरांकडे,
आणि काच त्याने थोडी खाली केली,
नाक बाहेर जाईल एवढीच.